रकाना चार : क्लच

विषय : मयत ड्रायव्हर पुनाजी मडावी याच्या सेवापुस्तकातील ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ हा शेरा काढून टाकण्याबाबत.
संदर्भ : मयताची बायको रुखमा हिचा अर्ज, दिनांक ३ मे १९५५.

वरील संदर्भान्वये सादर की, हा अर्ज मीच लिहून दिला होता. रुखमाला लिहिता येत नव्हतं आणि मला दुसरं काही येत नव्हतं. शेरा राहिला तर गॅरेजमागची सरकारी खोली तिला सोडावी लागणार होती. शेरा निघाला तर खोलीही राहणार होती आणि ऑफिसात पाणी भरायचं कामही मिळणार होतं.

वर्ध्याच्या आमच्या ऑफिसला ती गाडी एका कापूस व्यापाऱ्याकडून मिळाली होती. जुनी, अमेरिकन, हत्तीएवढी, आणि गिअर आपोआप बदलणारी. साहेबांना तिचं भारी कौतुक. आपण काही न करता पुढे जाण्याची कला त्यांना परकी नव्हती.

पुनाजी ती अनवाणी चालवायचा. चपला गॅरेजच्या दाराशी. ‘‘पायाले समजते बाबूजी, गाडीच्या मनात काय हाये थे,’’ म्हणायचा.

मार्चपासून तो सांगत होता की काटा न्यूट्रलवर असतानाही गाडी पुढे सरकते. तोंडी तक्रार आम्ही घेत नसू. त्यासाठी छापील फॉर्म होता. शिपाई तो भरून देई, खाली पुनाजीचा अंगठा. त्यात रकाना चार : क्लचची स्थिती. या गाडीला क्लचच नव्हता, म्हणून रकाना रिकामा राहिला. मी ‘अपूर्ण, सबब परत’ असं लिहून फॉर्म परत केला. तीनदा आला, तीनदा परत केला. शेरे माझ्या अक्षरातले आहेत. अक्षर चांगलं आहे.

तिसऱ्या वेळी तो टेबलाशी उभा राहिला. ‘‘जे नाईच, त्याचं काय लिहू बाबूजी?’’

‘‘ते तुझं तू बघ,’’ मी म्हणालो.

एकोणीस एप्रिलला इंजिन चालू ठेवून तो बॉनेटखाली वाकला होता. गाडी सरकली आणि तिनं त्याला गॅरेजच्या भिंतीशी दाबलं. चौकशी तासाभरात आटोपली. इंजिन चालू ठेवून गाडीसमोर उभा राहिला, सबब निष्काळजीपणा.

रुखमाच्या अर्जावरून गाडीच्या तपासणीचा हुकूम निघाला, आणि नागपूरहून मोतीलाल मिस्त्री आला. मे महिन्यातली दुपार. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. गॅरेजचे पत्रे तापून मधूनच कडकड वाजत होते. रुखमा दाराशी उभी होती. पुनाजीच्या चपला अजून तिथंच होत्या.

मोतीलालनं इंजिन सुरू केलं, बाजूनं वाकून गिअरच्या तेलाची पट्टी ओढली आणि हुंगली. करपट वास माझ्यापर्यंत आला. तेल काळंशार होतं.

‘‘जळलं हाये तेल. आन् एक ऐका बाबूजी, असल्या गाडीचं तेल इंजिन चालू ठेवूनच पाहा लागते. बंद करून पाह्यलं तर खोटं माप दाखवते. कोन म्हनते तो निष्काळजी होता?’’

‘‘ऐकलं न बाबूजी? लिहा,’’ रुखमा म्हणाली.

‘‘एवढ्यानं भागत नाही. गाडी सरकताना दिसली पाहिजे.’’

मोतीलाल खाली शिरला. गिअरची एक लोखंडी दांडी हातानं हलवून पाहिली. ती खिळखिळी होती. ‘‘बाहेर काटा न्यूट्रलवर, आतमधी कुठं, थे तिलेच माहीत.’’ मग फरशीचा उतार पाहायला त्यानं चाकाजवळ बेअरिंगची एक गोळी ठेवली. गोळी जागची हलली नाही. फरशी सपाट होती. इंजिन चालू ठेवून आम्ही बाजूला उभे राहिलो. पंधरा मिनिटं झाली. गाडीही हलली नाही.

‘‘साली नाटक करून राह्यली,’’ मोतीलाल म्हणाला. त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि नळावर पाणी प्यायला गेला.

माझ्या तपासणीच्या फॉर्ममध्ये इंजिन नंबर ‘प्रत्यक्ष पाहून’ लिहायचा होता. मी गाडीसमोर गेलो आणि बॉनेटखाली वाकलो. पाठीला भिंतीची ऊब लागली, तेव्हा लक्षात आलं की आपण कुठे उभे आहोत.

पत्रे वाजायचे थांबले होते. फरशीवर बारीक रेती चिरडल्याचा आवाज आला… थांबला… पुन्हा आला. बंपर माझ्या गुडघ्यांना टेकला. मे महिन्यात, तापल्या पत्र्याखाली, तो गार होता. मग दाब वाढायला लागला. घाईनं नाही. रकाने एकेक करून तपासावेत तसा.

मी दोन्ही हातांनी बंपर रेटून पाहिला. रुखमा पुढे आली, पण माझ्याकडे बघत नव्हती. ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकली आणि हळू आवाजात म्हणाली,

‘‘अवो… सोडा त्याइले. अर्ज त्याइनंच लिहून देल्ला…’’

आत पेडल दाबल्याचा धप् असा आवाज झाला. गाडी थांबली.

मोतीलाल धावत आला, तेव्हा किल्ली त्याच्याच खिशात होती आणि गोळी जागेवर. ब्रेकचं पेडल मात्र तळाशी टेकलेलं होतं, आणि त्यावरच्या धुळीत अनवाणी पावलाचा ताजा ठसा होता.

मोतीलालनं मला बाहेर नेऊन बसवलं. ‘‘इंजिन चालू होतं असं लिहा बाबूजी. बाईचं काम होऊन जाईल. कोन पाहाले आलं?’’

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी खोटी नोंद केली नव्हती. ‘इंजिन बंद’ असं लिहिलं. रकाना चारमध्ये लिहिलं, ‘क्लच नाही’. फॉर्म साहेबांकडून परत आला : ‘बंद गाडी चालणे असंभव. क्लच कोणाच्या आदेशाने काढला, याचा खुलासा व्हावा.’

जूनमध्ये रुखमाकडून खोली खाली करून घेतली. ती तळेगावला शेतात निंदणाच्या कामावर गेली. जाताना हातात पुनाजीच्या चपला होत्या.

‘‘खोटं लिहाले तुमचा हात नाई वळला, बाबूजी,’’ ती म्हणाली. ‘‘त्याइचा कागद वापस कराले बराबर वळला. तीनदा.’’

दुसऱ्या दिवशी आवक टोपलीत पुनाजीचा चौथा फॉर्म होता. कोणी आणून टाकला, शिपायाला माहीत नाही. सगळे रकाने कोरे होते. चारमध्ये तेवढा एक अंगठा होता, काळ्या तेलाचा, करपट वासाचा. रुखमाच्या अर्जाला जोडलेल्या पहिल्या तीन फॉर्मांवरच्या अंगठ्याशी तो मी भिंगाखाली ताडून पाहिला. मग त्याला आवक क्रमांक दिला. परत करायचं कारण सापडलं नाही.

छप्पन साली प्रांताची वाटणी झाली, आणि फाइल भोपाळला जायची की मुंबईला, यावर दीड वर्ष पत्रव्यवहार चालला. अठ्ठावन्नला मी निवृत्त झालो. चार्ज देताना ती उघडली, तेव्हा रकाना चारमधलं तेल अजून ओलं होतं. बोटाला लागलं. निघालेलं नाही.

रुखमा पुनाजी मडावी हिचा दिनांक ३ मे १९५५ चा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.