बाहेरचं ऐका

“लुकलुकणारे दिवे असलेला हेडफोन नको घेऊ,” दुकानदार इरफान मुजावर म्हणाला. “पैसे दिव्यांचे जातात, कानाला काय मिळत नाही. बिनवायरचा बी नको. आवाज पोचेस्तोवर शत्रू तुला मारून चहा प्यायला गेलेला असतो. हा साधा काळा बघ. वायरचा, उशा मोठ्या, कान पुरता झाकणाऱ्या. वेगळं साउंड कार्डही लागत नाही, सगळं ह्याच्या पोटातच हाय.”

पद्मजा चौगुलेला असाच हवा होता. ती कॉम्प्युटरवर खेळायची त्या गेममध्ये अंधाऱ्या जंगलात मागून येणारी पावलं ऐकूनच वाचायचं असतं. तिचे आप्पा शेजारी उभे होते, चेहऱ्यावर ‘ह्या पोरीला वेड लागलंय’ असा स्पष्ट भाव. बाळगोंडा चौगुल्यांचं आयुष्य इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं होतं, आणि त्या खडखडाटानं त्यांचे कान खाल्ले होते. समोरच्याचे ओठ वाचून ते काम भागवत. कानाचं यंत्रही एकदा आणलं होतं. ते सगळाच कालवा मोठा करायचं, म्हणून आप्पांनी ते रागारागानं कपाटात कोंबलं ते आजतागायत.

पण ह्या नव्या हेडफोनची तऱ्हा वेगळी होती. डोक्यावर चढवला की तो आधी कानात बारीक टिकटिक सोडी. धडधाकट कान अशा टिकटिकीला स्वतःचा अगदी क्षीण आवाज उलटा पाठवतो. तो टिपून, कुठला सूर कानाला पोचतो आणि कुठला नाही याचा नकाशा तयार होई. पोरं त्याला कर्णनकाशा म्हणत. नकाशात भोक असेल तिथला सूर हेडफोन खाली उतरवून शेजारच्या शाबूत सुरात वाजवी. एक पाऊलसुद्धा हुकता कामा नये, हा गेम खेळणाऱ्यांचा हट्ट. त्यांच्या हट्टापायी ही सोय अगदी स्वस्त हेडफोनांतही आली होती.

“मला दाव,” आप्पा म्हणाले. “पैसे मी देनार, तर बघू दे तरी.”

आप्पांच्या कानातली टिकटिक संपली. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर नकाशाचा वरचा, उंच सुरांचा भाग पार कोरा दिसला.  इरफाननं ‘बाहेरचं ऐका’ असं लिहिलेलं बटण दाबलं. खेळताना घरच्यांची हाक कळावी म्हणून ते दिलेलं असतं.

आप्पांनी दचकून वर पाहिलं. “आयला! हा पंखा कुरकुरतोय व्हय?”

“आप्पा,” पद्मजा तोंडावर हात धरून म्हणाली, “माझं ऐकू येतंय?”

ओठ दिसत नव्हते, तरी ऐकू आलं. आप्पांचे डोळे भरले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत.

“हे डॉक्टरी यंत्र नाही हं काका,” इरफान घाईनं म्हणाला. “एकदा नीट तपासून घ्या. शिवाय तुम्हाला येतोय तो आवाज थोडा खाली उतरवलेला हाय.”

आप्पांचं लक्षच नव्हतं. “चल घरला,” ते म्हणाले. “तुझ्या आईचं ऐकायचंय.”

घरी हेडफोन वायरीनं कॉम्प्युटरला जोडून आप्पा खुर्चीत ऐटीत बसले. सुगंधाबाई स्वयंपाकघरातून आल्या, नवऱ्याचा अवतार बघून हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. ‘चहा ठेवू?’ असं आप्पांनी ओठांवरून ओळखलं. आत कुकरची शिट्टी झाली, ती खणखणीत ऐकू आली. बायकोचा मात्र आवाज नाही.

“आनि बोल.”

ओठ पुन्हा हलले. आवाज नाही.

आप्पांचा चेहरा उतरला. “फसवलं त्या मुजावरानं. जगाचं ऐकू येतंय, हिचंच तेवढं न्हाई.”

पद्मजानं वायर तपासली, पुन्हा नकाशा घेतला. सगळं ठीक होतं. “आई, परत विचार,” असं म्हणून या वेळी तिनं स्वतः कान दिला. तिलाही काहीच ऐकू आलं नाही.

“अगं, तू आवाजच काढत नाहीयेस!”

“काय बोलतीस? मी बोलले की आता!” सुगंधाबाई म्हणाल्या. लेकीशी बोलताना आवाज चांगला ठणठणीत होता.

मग पद्मजाच्या ध्यानात आलं. आप्पा होते त्याच कारखान्यात आईनं लग्नाआधीपासून मागांना लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. मागांच्या गोंधळात कितीही ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, म्हणून तिथं सगळे नुसते ओठ हलवून बोलत. आई-आप्पांचं जुळलंही तसंच. कारखाना सुटला, पण एकमेकांकडे तोंड करून बिनआवाजाचं बोलणं घरातही तसंच राहिलं. लहानपणापासून तेच पाहिलेल्या पद्मजाला त्यात कधी काही वेगळं वाटलं नव्हतं.

सुगंधाबाईंनी पुन्हा प्रयत्न केला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं की ओठ आपोआप सुरू होत आणि गळा मिटे. “हुईना गं,” त्या लेकीला म्हणाल्या आणि रडू लागल्या. “तेंच्यासंगं आवाजानं कसं बोलत्यात तेच इसरले मी.”

फोन वाजला. खेळायला कधी येतेस म्हणून टीममधली पोरं विचारत होती. ‘आज नाही,’ एवढं कळवून पद्मजानं आप्पांची खुर्ची धरली आणि भिंतीकडे वळवली. गेममध्ये जे मागून येतं ते कानानंच ओळखायचं असतं.

“आता बोल. त्यांना तू दिसत नाहीस.”

 आप्पा भिंतीकडे बघत, हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते.

“आवो...”

आप्पांची मान डावीकडे वळू लागली, पण त्यांनी ती आवरली. “डाव्या अंगाला उभी हाईस न्हवं? असाच हुता काय गं तुझा आवाज?”

सुगंधाबाईंनी लेकीकडे पाहिलं. इरफानचं ‘खाली उतरवलेला’ हे पद्मजाला आठवत होतं. तिनं हळूच नकारार्थी मान हलवली.

“तुमास्नी आवडला का?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“लई.”

“मग त्योच म्हणायचा.”

आप्पा ओल्या गालांनी हसले. तोंड मात्र भिंतीकडेच ठेवलं. “मी वळत न्हाई. तू बोल. सगळं बोल.”

सुगंधाबाईंनी पदरानं डोळे पुसले, घसा खाकरला.

“एवढ्या वरसांचं हाय, कुठनं सुरू करू?”