सुईकड्यावरचं स्थिर चित्र

चालशास्त्र प्रयोगशाळेच्या टेबलावर डोंगर चढायला आलेल्या ऋजुताचं सामान मांडून ठेवलं होतं. घडीचा तिपाई स्टँड, फोनला चिमट्याने लावायची रुंद दृश्याची काच, विटेएवढी पॉवरबँक. यातली एकही वस्तू सुईकड्यावर गेली नव्हती. हौसाबाई गभाल्यांनी ते सगळं पायथ्याच्या आपल्या दुकानातच काढून घेतलं होतं.

"मीच ठेवून घेतलं," हौसाबाई खुर्चीच्या कडेवर ताठ बसून म्हणाल्या. "सगळं नवंकोरं, हौसेनं आणलेलं. म्हटलं, बाय माझे, डोंगर चढायला चाललीस का दुकान थाटायला? तिपाई टेकवायला वर सपाट जागा लागते, ती सुईकड्यावर नाही. ती काच फोनला लावलीस तर दरी दिसते पळीएवढी, आणि पाय टाकतेस फसवा. हात रिकामे पाहिजेत. ज्या वस्तूला हात लागतो ती वस्तू खाली राहील, हा माझा कायदा."

"आणि पूर्वस्थिरक?" डॉ. नीलाक्षी देवस्थळींनी विचारलं. चालताना फोनचं चित्र हलू न देणारं हे यंत्र त्यांनीच घडवलं होतं.

"ते वाटाड्याच्या छातीला, त्यात गिऱ्हाइकाचा फोन. दोघांपैकी कुणी बांधायचं ते त्यांनी वर गेल्यावर ठरवायचं. गिऱ्हाईक पुढं चालणार, वाटाड्या मागून चित्र घेणार. गिऱ्हाइकाचे दोन्ही हात मोकळे. माइकवर केसाळ टोपडं तेवढं दिलं लावून, नाहीतर वाऱ्यात नुसतं घोंघावतं म्हणून."

निवड चुकीची नव्हती, हे खोलीतल्या फौजदारांनाही मान्य होतं. तरी ऋजुता मेली होती. कातळाच्या अरुंद पट्टीवर तिचा पाय मोडला. तिच्यासोबत दोन वाटाडे होते, हौसाबाईंचा मुलगा सुदाम आणि सून इंदू. एक जण दोर आणायला वरच्या गुहेकडे गेला. दुसऱ्याने मुलीजवळ थांबायचं होतं. तो थांबला नाही. धुकं उतरलं, मुलगी सरपटत निघाली आणि पट्टीवरून दरीत गेली.

सुदाम म्हणत होता, दोर आणायला मी गेलो. इंदू म्हणत होती, मी गेले. गावाने सुदामचं ऐकलं, कारण हौसाबाईंनी सुदामचं ऐकलं होतं. इंदू जामिनावर सुटून माहेरी राहत होती आणि खटला तिच्यावर उभा राहणार होता. सोडून जाणाऱ्याने वाटेत काढून फेकलेला फोन झऱ्याच्या खाली सापडला, तेव्हा हौसाबाई स्वतःच फौजदारांच्या मागे लागल्या होत्या की चित्र बघा, माझ्या लेकावरचा डाग धुऊन निघू द्या.

भिंतीवर चित्र सुरू झालं. धुक्यात उतरणारी वाट. मागून मुलीचा आवाज, "थांबा ना! असं सोडून जाऊ नका!" चालणारा बोलत नव्हता. छातीवरच्या फोनला फक्त पुढचं दिसत होतं, आणि ती खडबडीत उतरण पडद्यावर तेल ओतल्यासारखी गुळगुळीत सरकत होती.

"बघा!" हौसाबाईंनी बोट रोखलं. "माझा लेक चालतो बैलगाडीसारखा, या अंगावरून त्या अंगावर. आणि इंदी डोक्यावर तीन हंडे घेऊन घाट चढते, थेंब सांडत नाही. ही चाल कुणाची ते शेंबडं पोर सांगेल."

इंदू खिडकीपाशी उभी होती. तिने मान वर केली नाही. सुदाम तंबाखू मळायला बाहेर गेला होता.

डॉ. देवस्थळी आणि चालतज्ज्ञ प्रा. अन्वर पठाण यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"इथेच सगळ्यांची गफलत होते," देवस्थळी म्हणाल्या. "जुन्या स्थिरकांत मोटारी असायच्या. जड, बॅटरी खाणाऱ्या. अंग हललं की मोटार सावरायची. माझं यंत्र अंगठ्याएवढं आहे. एवढ्या लहान यंत्राला मागाहून सावरायला ताकद पुरत नाही. म्हणून ते आधीच सावरतं. पुढच्या पावलाला अंग कुठे झुकणार हे त्याला पाठ असतं, आणि झुकायच्या आत ते भिंग उलटीकडे वळवतं."

"पाठ कसं होतं?" फौजदारांनी विचारलं.

"एका माणसाने ते छातीला बांधून दिवसभर डोंगर चढायचा-उतरायचा. त्याचा चालठसा यंत्रात कायमचा बसतो. एकदाच. मग दुसऱ्या कुणी बांधलं, तर यंत्र पहिल्या माणसाचे झोके सावरत बसतं. जे झोके आलेच नाहीत, तेही. चित्र नुसतं थरथरतं."

"म्हणजे चांगला चालणारा असण्याशी स्थिर चित्राचा काही संबंध नाही," पठाण म्हणाले. "यंत्राला ज्याने शिकवलं, त्याच्याच अंगावर चित्र स्थिर राहतं. या चित्रात चालणारा आणि यंत्राला शिकवणारा माणूस एकच आहे."

"मग ठसा वाचा ना उघडून," फौजदार म्हणाले.

"ठसा असा लिहिलेला नसतो हो. बांधून चालायचं, हाच एक मार्ग."

हौसाबाई हसल्या. "चालायलाही नको. यंत्र आलं त्या दिवशी मी ते इंदीच्या छातीला बांधलं. म्हटलं, तसंही सरपण आणायला वर जातेस, जाता येता शिकव त्याला. माझ्या डोळ्यांदेखत गेली ती."

"खिंडीत त्यांनी काढून घेतलं, आत्या," इंदू पहिल्यांदाच बोलली. "म्हणाले, यंत्र बायकोची चाल शिकलं तर मी काय गिऱ्हाइकाच्या पिशव्या वाहू? दिवसभर तेच हिंडले बांधून. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"नवऱ्याची चुगली म्हणून सांगितलं होतंस."



पठाणांनी यंत्र इंदूच्या छातीला बांधलं आणि तिला चालपट्ट्यावर उभं केलं. पट्टा खडकाळ वाटेसारखा वरखाली होत सरकू लागला. इंदू चालू लागली, मान ताठ, खांदे निश्चल. जमीन हलत होती, ती हलत नव्हती. आणि भिंतीवर, तिच्या छातीवरच्या फोनमधलं चित्र हिवतापाच्या रोग्यासारखं थडथडत होतं.

"ढोंग करते!" हौसाबाई उठल्या. "मुद्दाम वाकडी चालते."

"चाल ढोंगाने बदलता येते," पठाण शांतपणे म्हणाले. "पण लक्ष पायात असेपर्यंतच. मन दुसरीकडे गेलं की पाय आपल्या सवयीवर येतात. बोला तुम्ही त्यांच्याशी. जे झोंबेल ते बोला."

हौसाबाईंना एवढंच हवं होतं. त्या पट्ट्याजवळ गेल्या आणि सुरू झाल्या. इंदूच्या बापाच्या दारूपासून, तिच्या रिकाम्या कुशीपासून, लग्नात आलेल्या फुटक्या समईपर्यंत काहीही सोडलं नाही. लोकांच्या पोरीला मरायला टाकून आलीस, आता माझ्या पोराला टाकतेस, तुझ्या सावलीलाही मी अंगणात उभी करणार नाही. प्रयोगशाळेतली पोरं कानकोंडी होऊन खाली बघू लागली. इंदूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पावलं मात्र तीच होती, आणि भिंतीवरचं चित्र तसंच थरथरत होतं.

"पुरे," देवस्थळी म्हणाल्या. "या नव्हेत."

सुदामला आत बोलावलं. तो तोंड पुसत आला, हसून म्हणाला, "बांधा की. आम्हाला काय भ्या हाय?" आणि पट्ट्यावर चढला.

तो चालू लागला. चित्र थरथरलं. पठाणांनी त्याला गावची लोकसंख्या विचारली, सुईकड्याची उंची विचारली. तो "हं", "असंल" करत राहिला, नजर समोर, ओठ मिटलेले. चित्र थरथरतच होतं.

"म्हणजे हाही नाही," फौजदार कंटाळून म्हणाले. "बाईंनाच पुन्हा चालवा. काहीतरी चुकलं असेल."

सुदामने आईकडे बघून डोळे मिचकावले.

हौसाबाई त्याच्या पायांकडे बघत होत्या. लहानपणापासून त्याचं उजवं पाऊल बाहेर फाकतं. चप्पल तिकडूनच झिजते, वहाणा शिवणाराही ओळखतो. आज ते पाऊल सरळ पडत होतं. एकेक पाऊल तो मोजूनमापून, नवरदेव बोहल्यावर चढावा तसं टाकत होता.

पोरगा आपली चाल लपवतो आहे, हे त्यांना कळलं. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. बाकीचं काम यंत्राने, फौजदारांनी आणि इंदूच्या मुकाट स्वभावाने आपोआप केलं असतं. मुलगा घरी आला असता. आणि पुढं रोज समोर बसून जेवताना असेच डोळे मिचकावले असते, म्हातारीला कसं बनवलं म्हणून. पोरगा वाईट निघाला, हे हौसाबाईंनी एखाद्या वेळेस गिळलं असतं. आपल्याला बावळट समजतो, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

"सुदाम," त्या म्हणाल्या, "परवा मुंबईची पार्टी आली होती. वाटाड्या म्हणून इंदीलाच मागत होती."

"बरं मग?" पाऊल सरळ पडलं.

"मी म्हटलं, सुदाम आहे ना. तर हसले. म्हणाले, त्यांना पिशव्या द्या."

"कोण म्हटलं?"

"सगळेच म्हणतात. दर वेळेला म्हणतात. मी तुला सांगत नव्हते एवढंच. तुझा बापही म्हणायचा, ह्याच्या हाती दोर देण्यापेक्षा झाडाला बांधलेला बरा."

"आये, गप बस!"

"का गप बसू? बायको तुझ्यापेक्षा सरस आहे, हे साऱ्या डोंगराला ठाऊक आहे."

"सरस! सरस!" सुदाम ओरडला. हात उडू लागले, खांदे डोलू लागले, पट्ट्यावर तो तावातावाने चालू लागला. "ती पोरगी पण तेच! मी दोर आणतो, दोर आणतो म्हणतोय, तर नाही, ताईच जाईल, तिला वाट माहीत आहे. आणि ताई गेल्यावर पुन्हा रडगाणं. ताई कधी येणार, तुम्हाला नाही जमायचं, मला हात लावू नका, ताईला येऊ द्या! मग बस म्हटलं ताईची वाट बघत!"

त्याला कळलं नाही. पट्टा अजून वरखाली होत होता, तो डावीउजवीकडे झुलत होता, उजवं पाऊल बाहेर फाकत होतं. भिंतीवर मात्र खोलीचं चित्र ठाम उभं होतं. खिडकी, टेबल, तिपाई स्टँड, फौजदारांची टोपी आणि मधोमध हौसाबाईंचा चेहरा. एवढासुद्धा न हलता.

पट्टा थांबवला गेला. फौजदारांनी सुदामच्या दंडाला धरलं. "आये, तू बोलायला लावलंस," तो म्हणाला. आता आवाजात राग नव्हता, पोरकटपणा होता. हौसाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवला असता तर काढता आला नसता.

जबाब संपल्यावर त्या बाहेरच्या व्हरांड्यात आल्या. इंदू पायरीवर चप्पल घालत होती.

"चल," हौसाबाई म्हणाल्या. दुसऱ्या कुठल्या सुरात बोलायचं ते त्यांना येत नव्हतं. "घरी चल. दुकान बंद पडलंय."

इंदूने पदराने चेहरा पुसला. "आत्या, एक विचारू? पट्ट्यावर मला जे बोललात ते माझं मन दुसरीकडे न्यायला बोललात, की तसंच होतं मनात?"

पठाणांनीच सांगितलं होतं बोला म्हणून. हे उत्तर तयार होतं, खोटंही वाटलं नसतं. इंदू ते ऐकायलाच थांबली होती. तेवढं ऐकलं असतं तर आली असती.

हौसाबाई उभ्या आयुष्यात कुणापुढे वाकल्या नव्हत्या, आणि खोटं बोलून कुणाला घरी आणणं हे त्यांच्या लेखी वाकणंच होतं.

"मनातलंच होतं," त्या म्हणाल्या.

इंदूने मान हलवली. मग वळली आणि फाटकाकडे निघाली, मान ताठ, खांदे निश्चल, डोक्यावर भरले हंडे असल्यासारखी. हौसाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. हाक मारावी असं त्यांना वाटलं, पण तिला थांबवील असं एकही वाक्य त्यांच्याकडे उरलं नव्हतं.