तिसरा बर्फात हाय

सत्यशीला झरीच्या उपकेंद्रात नर्स होती. १९८६ च्या उन्हाळ्यात ती आश्रुबांच्या जखमा धुवायला सकाळी त्यांच्या घरी जाई. म्हातारा कमरेखाली लुळा पडलेला, पाठीची सालटी निघालेली. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून लढून आलेला. बरोबर गेलेले तिघे दोस्त तिकडंच वेगवेगळ्या आघाड्यांवर कामी आले.

एका सकाळी त्यांच्या पायाच्या बोटांत वाळू दिसली. पिठासारखी बारीक, पिवळसर. झरीची माती तर काळी, चिकट.

"यांना कुठं नेलं होतं का?" तिनं सुनेला विचारलं.

"कुठं नेऊ बाई? दोन साल झाले, खाटंवरून हालले न्हाईत," सगुणाबाई म्हणाली.

आश्रुबा हसले. "बन्सीधर घावला. मिसरच्या वाळवंटात. घेऊन आलो त्याला."

म्हातारपणी माणूस भ्रमतं, सत्यशीलानं मनाशी म्हटलं, आणि पाय पुसले.

पुढच्या खेपेला पोटरीला जळू चिकटली होती. रक्त पिऊन टम्म. विहिरी आटलेल्या, मैलभर ओल नाही. सत्यशीलानं मीठ टाकून ती सोडवली.

"ब्रह्मदेशात लय जळवा," आश्रुबा म्हणाले. "अप्पाराव येईनाच. म्हनला, आता कशाला? पर आनलाच त्याला."

त्यांचे तळवे तिनं उलटून पाहिले. दोन वर्षं जमिनीला न लागलेल्या त्या मऊ तळव्यांवर चालून चालून उठतात तसे फोड होते.

घरी तिला जेवण जाईना. डॉक्टरांना सांगायचं तरी काय? दुसऱ्या दिवशी सगुणाबाईनं तिला दारातच गाठलं. "भाकरी पुरंना झाल्यात बाई. मामंजी तर अर्धी खातेत, मग बाकीच्या कोन खातंय? आता आनिक कुनाला आनू नका म्हनावं मामंजीला."

सत्यशीला खाटेशी बसली. "बाबा, आता कुठं जाऊ नका."

"एक राह्यलाय ना, बाय. व्यंकट. इटलीत, बर्फात हाय. त्याला एकट्याला कसं सोडू?"

"थंडी सोसंल का तुम्हाला?"

बोलून गेल्यावर ती स्वतःच दचकली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिला बोलावणं आलं. पत्रे उन्हानं तडतडत होते. आश्रुबा गेले होते. केस ओले. पायांची बोटं काळीनिळी, लाकडासारखी कडक. असे पाय तिनं फक्त पुस्तकात पाहिले होते.

तिनं चादर पायांवर ओढली.

ऊन उतरल्यावर तिरडी उचलली. पुढं खांदा दिलेला मुंजाजी दोन पावलांत थबकला.

"काय झालं रे?" मागच्यानं विचारलं.

"वजनच लागंना."

"मलाबी न्हाई."

चौघं चालू लागले.

सत्यशीला गल्लीच्या तोंडाशी उभी होती. चारही खांदेकरी अनवाणी होते.

गल्लीच्या फरशीवरून नाल ठोकलेल्या फौजी बुटांचा आवाज एका ठेक्यात मसणवट्याकडं गेला.