नेवेनाच्या मागचे पतंग

पतंग पकडायच्या सापळ्यांत मादीचा वास भरायचं काम सोडून तीन वर्षं झाली, तरी ओकच्या रानातले नर पतंग नेवेनाचा पिच्छा सोडत नव्हते. जुलैतल्या एका दुपारी बसथांब्यावर एका उंच तरुणाने तिच्या खांद्यावरून दोन पतंग अलगद उचलले.

“तुमचे का हे?”

“माझ्या कोटाचे. वास मुरलाय त्यात, धुऊनही जात नाही.”

तो हसला, आणि नेवेनाला तो तिथेच आवडला.

यासेन भौतिकशास्त्राचा. डोंगरातल्या खडकांचं चुंबकत्व मोजायला महिनाभर आलेला. मग रोज संध्याकाळी ताकाच्या पेल्यांवर दोघांचं भांडण रंगायचं.

“सफरचंद खाली पडतं ना, तेव्हा तेही पृथ्वीला तेवढ्याच जोराने ओढतं.”

“मग पृथ्वी हलत कशी नाही?”

“हलते… जड आहे, म्हणून दिसत नाही.”

“तुझ्यासारखी,” ती म्हणाली.

त्याचे कान लाल झाले. “आणि तुझे पतंग?”

“नर कोसभरावरून येतो, वाऱ्याच्या उलट. मादीला पंख असून उडता येत नाही. बसल्या जागी वाट बघते बिचारी.”

महिना सरला. यासेनला दूर वार्ना शहरात नोकरी लागली होती, अकराची बस होती. नेवेना सकाळपासून खिडकीत बसून होती… येईल, काहीतरी बोलेल. साडेदहाला तिला स्वतःचाच राग आला. वाट बघत बसायला ती काय पतंगाची मादी होती? तोच जुना कोट अंगात अडकवून ती त्याच्या घराचा चढ धावत सुटली.

यासेन सामान घेऊन दारात उभा होता. घरमालकीण स्तोयनाआजींच्या हातात भरलेला तांब्या होता. जाणाऱ्याच्या पुढ्यात पाणी ओतलं की त्याची वाट पाण्यासारखी सुरळीत होते. आजींनी तांब्या कलता केला, तोच नेवेनाने तो हिसकावला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला.

“अगं, त्याच्या वाटेचं पाणी होतं ते.”

“माहीत आहे, आजी.” तिला धाप लागली होती. “यासेन, मला तू आवडतोस. जायचं तर जा… पण ऐकून जा.”

मागून आलेले तीन पतंग तिच्या खांद्यावर बसले. यासेन त्यांच्याकडेच बघत राहिला.

“कोरड्या उंबऱ्यावरून मी कुणाला धाडत नाही,” आजी पुटपुटल्या.

“मग भरून आणा की,” यासेन म्हणाला. नेवेनाचा चेहरा उतरला. “सावकाश आणा, आजी. बस उद्याही असते.”

त्याने सामान खाली ठेवलं आणि एक पाऊल तिच्याकडे टाकलं.

“हललो,” तो म्हणाला. “दिसलं का?”