आन्सेल्मची सतरा पानं

दिवा जरा अलीकडे ओढ आणि बस. उद्यापासून या प्रेतघराच्या किल्ल्या तुझ्या कमरेला लागणार, तेव्हा एक गोष्ट आजच कानावर घालते. घाबरवायला नाही गं. घाबरणारी असतीस तर या नोकरीला आलीच नसतीस.

काम सोपं आहे. आपल्या गावाला एकच धास्ती, की जिवंत माणूस चुकून पुरला जाईल. म्हणून मेलेल्याला आधी इथे आणतात. उबेला शेगडी, उशाशी फुलं, बोटात अंगठी. अंगठीला दोरा आणि तो दोरा भिंतीच्या भोकातून थेट या खोलीतल्या घंटेला. घंटा वाजली की आरसा घेऊन धावायचं आणि नाकाशी धरायचा. अंगावर हिरवट झाक आली, वास सुटला, की डॉक्टर आयग्नर शेरा मारतात आणि मगच पुरायचं. बावीस वर्षांत ही घंटा शेकडो वेळा वाजली असेल. एकही जण उठून बसला नाही. पोट फुगतं, हात घसरतो, दोरा ओढला जातो. बस, एवढंच. मी तर घंटा वाजत असताना सूप संपवून मग उठायची, खोटं कशाला बोलू.

आन्सेल्म राइटेल मेला, त्या दिवशी मी अशीच फुलांच्या बादल्यांतलं पाणी बदलत होते. हातगाडीवरून त्याला आणलं आणि तोंडावरची चादर सरकवली तर हा! माझ्या हातातली बादलीच कलंडली. कारण हा मेलेला मला जिवंतपणी चांगला ठाऊक होता.

दोन हिवाळे तो इथे, या बाकावर येऊन बसायचा. म्हणायचा, "बुर्गी मावशी, मी मृत्यूवर कविता लिहितोय, मला इथे बसू द्या." मी म्हणायची, "मेल्या, मृत्यूचं नाव कशाला पुढे करतोस? खोलीत जाळायला लाकूड नाही म्हण की सरळ!" तो हसायचा आणि खोकायचा. मी त्याला यकृताचे गोळे घालून सूप द्यायची. कोर्टात कागदांच्या नकला उतरवायचं काम करायचा बिचारा, आणि उरलेला सगळा वेळ कविता. एक पातळसं पुस्तक छापून आलं होतं. त्यावर राजधानीतल्या कुणा टीकाकारानं लिहिलं, की या तरुणानं निदान वृत्तात खोकायला तरी शिकावं. आन्सेल्मनं ते कात्रण मला वाचून दाखवलं आणि स्वतःच पोट धरून हसला. मला मात्र त्या टीकाकाराच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

शेवटचं वर्षभर तो एकच लांबलचक कविता लिहीत होता. बापावरची. बाप तराफेवाला. डोंगरातून लाकूड तोडून तराफे बांधायचे आणि नदीतून खाली न्यायचे. एका वसंतात तो तराफा घेऊन निघाला तो परतलाच नाही. प्रेतही मिळालं नाही. आन्सेल्म म्हणायचा, "बाबा शेवटी कुठे पोचले, ते या कवितेत मला सापडणार आहे, मावशी." आणि बाकावर बोटांनी ताल धरून ओळी म्हणायचा. दोन लांब, तीन आखूड, मग जरासा थांबायचा. निळ्या जाड कापडाची वही होती त्याची. पंचविशीत गेलं पोर. फुप्फुसं संपली होती.

प्रेतामागोमाग आला तो त्याचा दोस्त लोरेन्झ फॉख्ट. एकत्र शिकलेले. हाही कवी, पण चांगल्या घरचा, अंगात चांगला लोकरी कोट. आल्या आल्या विचारतो काय, तर "पुरायला कधी मिळेल?"

मी म्हटलं, "घाई काय आहे? त्याला कुठे जायचंय आता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आला. दुपारी पुन्हा. "डॉक्टरांचा शेरा झाला का?" दोस्त गेल्यावर माणूस रडतो, दारू पितो. हा नुसता पुरायच्या मागे. आणि सारखा कोटाची डावी बाजू हातानं दाबून धरायचा, जणू छातीत कळ येतेय. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी पडले प्रेतं धुणारी बाई, मला कोण विचारतो?

तिसऱ्या दिवशी बर्फ पडत होतं. डॉक्टर सकाळी येऊन गेले होते. आन्सेल्मकडे बराच वेळ बघत राहिले. "तीन दिवस झाले, शेगडी पेटलेली, आणि अंगावर एक डाग नाही, बुर्गी. मी शेरा देणार नाही." लोरेन्झ दारातच उभा होता. त्याचा चेहरा पडला.

दुपारी त्याची बहीण आली. झेन्झी. डोंगरातून दीड दिवस चालत. पायांत लाकडी जोडे, गाल थंडीनं फुटलेले, डोकं शालीत गुंडाळलेलं. आली, भावाच्या गालाला हात लावला, छातीवर क्रूसाची खूण केली. रडली नाही. मग माझ्याकडे वळली. "मावशी, त्याची वही कुठेय? निळी वही. बाबांच्या जुन्या जाकिटाचं कापड काढून मीच शिवली होती."

मी म्हटलं, "सामान या दोस्ताकडे आहे."

लोरेन्झ पुढे झाला. आवाज असा मऊ केला, की ब्रेडवर लावून खावा. "झेन्झीताई, वही राहिली नाही. आन्सेल्मनं शेवटच्या रात्री आपल्या हातानं शेगडीत टाकली. मी कितीतरी अडवलं. एक ओळसुद्धा मला कधी वाचू दिली नाही त्यानं."

"जाळली?" झेन्झी म्हणाली. "सुगीला घरी आला होता तेव्हा मला म्हणाला, शेवट झाला की तुला ऐकवीन. बाबा कुठे गेले ते तुला कळेल म्हणाला. आई अंथरुणाला खिळलीय, याच आशेवर जगतेय. तिला काय सांगू मी? जाळली म्हणून सांगू?"

तेवढ्यात भिंतीपलीकडे घंटा वाजली.

मी सवयीनं आरसा उचलला. नाकाशी धरला. काच स्वच्छ. छातीला कान लावला. काही नाही. म्हटलं, "होतं असं. हात घसरतो."

पण त्याचा हात घसरलेला नव्हता. मीच ठेवला होता तिथे, पोटावर, बोटं सरळ. आणि घंटा पुन्हा वाजली. आधी वाटलं, उंदीर असेल. मग संशय आला लोरेन्झचा, दोरा हाच ओढत असणार. पण तो होता दाराशी, दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर. मी दोऱ्याकडे बघत राहिले. दोरा ताणला जायचा, सैल पडायचा. खोलीत लिलीच्या फुलांचा वास कोंडलेला, शेगडीत लाकूड तडकतंय, आणि घंटा... दोन लांब, तीन आखूड. मग जरासा थांबा. पुन्हा दोन लांब, तीन आखूड...



झेन्झीनं मान वर केली. "हे दादाचं आहे," ती हळूच म्हणाली. "टेबलावर असाच वाजवायचा..."

मी काही बोलणार, तेवढ्यात माझी नजर लोरेन्झवर गेली. तो घंटेच्या आवाजाकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. त्याला स्वतःलाही ते कळत नसावं. तीन दिवस एखादी गोष्ट घोकली, की ती अशीच तोंडातून निसटते. घंटेच्या ठोक्याठोक्याला तो पुटपुटत होता... "दोर सोडला बापानं... आणि नदी म्हणाली, बस..."

"पुढे?" झेन्झीनं विचारलं.

"धुकं अंगावर घे, काठाकडे बघू नकोस..." आणि तो थांबला. घंटाही थांबली.

"ही कवितेची सुरुवात आहे, सुगीला तेवढीच ऐकवली होती मला," झेन्झी म्हणाली. "तुम्हाला तर त्यानं एकही ओळ वाचू दिली नव्हती ना?"

लोरेन्झच्या तोंडचं पाणी पळालं. काहीतरी सारवासारव करायला त्यानं तोंड उघडलं आणि घंटा एकदाच वाजली. ठण्ण. तेवढ्यानं तो गुडघ्यावर बसला. कोटाच्या डाव्या बाजूचं अस्तर टरकावलं आणि निळी वही बाहेर काढली.

"मी पूर्ण करणार होतो," तो म्हणाला. "आईशप्पथ, मी फक्त पूर्ण करणार होतो."

"कुणाच्या नावानं?" मी विचारलं. मला इतका संताप आला, की हातातला आरसा त्याच्या डोक्यात घालावा. सूप मी पाजायचं, वही बहिणीनं शिवायची आणि कविता यानं खिशात घालायची!

झेन्झीनं वही घेतली. शेगडीजवळ स्टूल ओढलं, भावाच्या उशाशी बसली, वही मांडीवर उघडली आणि मोठ्यानं म्हणायला लागली.

मला कवितेतलं काय कळणार? पण तो तराफा मला दिसला. ओल्या लाकडाचा वास आला. बाप सुकाणूचं वल्हं धरून उभा, दोन्ही बाजूंचे उंच कडे मागे सरकतायत. झेन्झीचा आवाज खेडवळ, तरी कुठेही अडखळली नाही. एक ओळ म्हणायची, जरा थांबायची, पुढची म्हणायची, पान उलटायची. लोरेन्झ भिंतीला टेकून ऐकत होता, ओळीबरोबर ओठ हलवत होता. म्हणजे शब्द न् शब्द तोच.

मग त्याचे ओठ हलायचे थांबले.

"मावशी..." तो माझ्या बाजूला सरकला. "वही सतराव्या पानावर संपते. तराफा धरणाशी पोचतो, तिथे. पुढचं त्यानं लिहिलेलंच नाही..."

झेन्झी म्हणतच होती. तराफा धरणावरून खाली गेला होता. मी तिच्या मागे जाऊन वाकून बघितलं. पान पांढरं स्वच्छ. तिनं ते उलटलं. पुढचंही कोरं.

मी स्वतःला समजावलं, की कवीचीच बहीण ती, मनानं रचत असेल. नाहीतर सुगीत त्यानं सांगितलेलं आठवत असेल. संशय मला आता तिचाही यायला लागला होता बघ. लोरेन्झनं मात्र माझ्या मेजावरची पेन्सिल उचलली, प्रेतांच्या नोंदीचे कागद उलटे केले आणि ती म्हणेल ते लिहायला लागला. रडत रडत लिहीत होता. आज जे पुस्तक छापलेलं आहे, आन्सेल्मच्या नावानं, त्याचा शेवट तो असा लिहिला गेलाय.

बाप कुठे पोचला? ते तू पुस्तकात वाच. मी सांगितलं तर मला रडू येईल.

दिवे लावायच्या वेळेला ती थांबली. वही मिटली. डॉक्टर आयग्नर संध्याकाळच्या फेरीला आले ते दारातच नाकाला रुमाल लावून. "झालं," म्हणाले. "सकाळी चुकलोच होतो की काय मी?" खोलीभर वास होता. आम्हाला तो आत्ता आला. आन्सेल्मच्या कानामागे हिरवट डाग पसरला होता. डॉक्टरांनी शेरा मारला आणि गेले.

मी चोपडी आणली. दफनाला नातेवाइकाची सही लागते. झेन्झीपुढे उघडली, टाक बुडवून दिला. तिनं तो मुठीत धरला, लाटण्यासारखा. आणि खाली तीन फुल्या मारल्या.

"अगं, नाव लिही," मी म्हटलं.

"मला कुठे लिहिता येतं, मावशी? शाळेत दादाला पाठवलं. गुरं कुणी बघायची मग?"

"पण वाचता तर येतं..."

"अक्षर नाही ओळखत मी."

नुसती पुढची पानं नव्हेत. पहिली सतराही. लोरेन्झचे ओठ ज्या पानांबरोबर शब्द न् शब्द हलत होते, तीसुद्धा.

"मग इतका वेळ... तू काय वाचत होतीस?"

ती माझ्याकडे नवलानं बघायला लागली, मीच तिची थट्टा करतेय असं वाटून. "वाचत कुठे होते? दादा सांगत होता ना. तो एक ओळ सांगायचा, तुम्ही 'हं' म्हणायचात, मग मी ती मोठ्यानं म्हणायची. तुम्ही 'हं' म्हटल्याशिवाय तो पुढची सांगतच नव्हता."

"मी? मी कधी हं म्हटलं?"

मी लोरेन्झकडे वळले. म्हटलं, हा तरी सांगेल, की ही पोर दुःखानं बरळतेय. त्यानं कागद छातीशी धरले होते. माझ्या नजरेला नजर दिली नाही.

"प्रत्येक ओळीला, मावशी," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला कविता आवडतेय."

मी एक शब्दही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. पण घसा कोरडा पडला होता, आणि पाणी मागायला गेले तर आवाज धड फुटेना, दिवसभर कुणाशी तरी बोलत बसल्यासारखा तो बसला होता.