धार लावलेला विळा

माझी धाकटी लेक लव्हाळी कापायला वाकली आणि समोर खाकी पँट येऊन उभी राहिली. पक्ष्यांसाठी राखलेल्या तळ्याचा नवा गार्ड. तिनं मान वर केली, आणि तो जो बघत राहिला... दंड सांगायचं विसरलाच मेला.

"विळा जमा करा," शेवटी म्हणाला.

"घ्या की. बोथट झालाय, देताना धार लावून द्या!"

नियमच तसा, तळ्यात कापताना सापडलं की विळा जप्त, आठवड्यानं चौकीवरून परत. पण हा स्वतः दारात आला. विळा कागदात गुंडाळलेला, आणि धार... अशी की केस कापावा. चार बाळंतपणं झालेली बाई मी, मला काय कळत नाही?

मग धाकटी सारखी सापडायला लागली. जी लहानपणापासून कुणाच्या हाती लागली नाही, ती!

"आज पुन्हा तुम्हीच?"

"तुम्हाला दुसरं कुणी सापडत नाही वाटतं?"

"दुसऱ्या कुणाला शोधतच नाही..."

मी पलीकडच्या लव्हाळीत बसलेली. खोकले. दोघं पाणकोंबड्यांसारखी पांगली.

तो मागणी घालायला आला तेव्हा मी तोंडावर सांगितलं, "आमचं घर लव्हाळीच्या चटयांवर चालतं. आमच्यासाठी तळं बंद करणाऱ्याला पोरगी देणार नाही. आधी तळ्याचं बघ."

त्यानं बघितलं. भर सभेत उठून म्हणाला, पिल्लं उडाली की अर्धी लव्हाळी गावाला कापू द्या, अर्धी पक्ष्यांना ठेवा. साहेब म्हणाले, "पगार कुणाचा खातोस?" आमचे लोक म्हणाले, "अर्धी? तळं तुझ्या बापाचं का?" दोन्हीकडून शिव्या खाऊन तो खाली बसला. धाकटी त्याच्याकडे बघत होती... तसं माझ्याकडे कुणी कधी बघितलं नाही.

पुढं तळ्याला कुंपण येणार अशी बातमी आली, आणि त्याआधी सगळं ओरबाडायला गाव पाण्यात उतरलं. मी काठावरून ओरडले, "अरे, हिरवी आहे, कुजेल!" माझ्या शब्दाबाहेर न जाणारं घर त्या दिवशी गेलं. सगळ्यात भराभर विळा कुणाचा चालला? धाकटीचा. धार त्याचीच ना!

त्यानंच तो तिच्या हातातून काढून घेतला.

लव्हाळी अंगणात काळी पडली. पक्षी घरटी सोडून उठले ते परतलेच नाहीत. कुंपण आलं. ठपका गार्डवर, आणि बदली लांब कुठंतरी.

जायच्या दिवशी तो दारात आला. कागदात विळा.

"वर्षभराच्या चटया घरात पडल्या, तर आई लग्नाला हो म्हणेल असं वाटलं..." धाकटी म्हणाली.

"माहीत आहे मला."

"घेऊन जा रे हिला," मी म्हणाले. "अट गेली खड्ड्यात."

"मावशी, त्या दिवशी घरट्यांत पिल्लं होती..." त्यानं विळा धाकटीपुढं धरला. "हिच्याकडे बघितलं की तीच दिसतात."

धाकटीनं पात्यावर अंगठा फिरवला.

"धार नाही लावलीत?"

"नाही."

तो गेला. विळा खुंटीला आहे, गंजलाय. मी एकदा घासायला घेतला, तर धाकटीनं हातातून काढून पुन्हा तिथंच अडकवला.