दुहेरी वेढा

"ताये, किती वेळ लागेल?"

हा आवाज मी ऐकला तेव्हा मी दहा वर्षांची होते. विचारणारी सहा वर्षांची. बारीक आवाज, पण त्यात रडू नव्हतं. माझ्यावर पुरता भरवसा होता. पुढे अठ्ठेचाळीस वर्षांत कितीतरी आवाज कानावरून गेले. हा एक काही गेला नाही.

आईने आम्हा दोघी बहिणींना रंगाऱ्याकडून पिवळं सूत आणायला धाडलं होतं. परत मी एकटीच आले. "ती माझ्या मागेच होती," एवढं एकच वाक्य आईला सांगितलं. मग घराजवळचा रस्ता माणसांनी पिंजून काढला. विहिरी उपसल्या. धाकटी मिळाली नाही. मिळणार कशी? माझं ते वाक्य खरं नव्हतं.

आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. दर रविवारी फोन करते. जेवलीस का, पाय कसे आहेत, सगळं विचारून होतं, आणि ठेवता ठेवता, दाराची कडी लागलीय ना पाहावं तसं, एकदा विचारते, "मागेच होती ना गं ती?"

मी हो म्हणते.

निवृत्तीआधीची माझी ही शेवटची सहल. कॉलेजची अकरा मुलं, परदेश, दहावा दिवस. पोटऱ्यांचे दगड झाले होते, आणि गळ्यातली अकरा पासपोर्टांची पिशवी मान ओढत होती. कार्यक्रमात त्या दिवसापुढे 'संस्कृतीचा अनुभव' असं छापलेलं होतं.

"मॅडम, अजून किती संस्कृती उरलीय?" बसमधून उतरताना वकील म्हणाली. बसल्या जागी वाद उकरून काढते, म्हणून मुलांनी तिला ते नाव ठेवलेलं.

"आजची एवढी संपव. उरलेली घरी जाऊन आईकडे बघ."

"तिच्याकडे काय, भांडी घासायची संस्कृती!"

विणकरणीची खोली लांबट होती. खिडक्या उंचावर, त्यातून उतरणारा उजेड ताकासारखा पातळ. ओल्या लोकरीचा वास. लाकडी जमीन माग चालवणाऱ्या पावलांनी जागोजागी खोलगट झालेली. विणकरीण साठीची असेल. तिच्या बोटांची टोकं चपटी झाली होती, आईच्या बोटांसारखी. तिच्याशेजारी उभी राहून दुभाषीबाई आम्हाला समजेल अशा भाषेत सांगत होत्या. पाहुण्यांचा माग अरुंद आहे. एकाने चार बोटं पट्टी विणायची आणि उठायचं, पुढच्याने तिथूनच पुढे. दुसऱ्याचं विणलेलं उसवायचं नाही. चुकलेलं असलं तरी नाही.

मुलं रांगेने बसली. मी भिंतीकडेच्या बाकावर टेकले. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे धावू लागला, आणि त्या खटखटीवर माझ्या डोक्यात आईची ओवी आपसूक चालू झाली. आई मागावर बसली की गायची:

धोटा धावे आरपार, मागे सुताचा गं दोर
मोठी चाले पुढे पुढे, मागे धाकटी गं पोर

धाकटीला वाटायचं, ही ओवी तिचीच आहे. आईच्या मांडीवर बसून तीही धोटा फेकायची, आणि डाव्या काठाशी सुताचा दुहेरी वेढा घ्यायची. "पट्टी वाकडी होते गं बाई," आई हसायची. "सुटली तर?" धाकटी म्हणायची.

कधी डोळा लागला कळलं नाही.

"मॅडम, उठा. तुमची पाळी."

मी मागावर बसले. मुलांच्या पट्ट्या पांढऱ्या, करड्या, तपकिरी. त्या खोलीत दुसऱ्या रंगाचं सूत नव्हतंच. सगळ्यात शेवटची पट्टी मात्र हळदीसारखी पिवळी होती. चार बोटं, पण बोटं लहान. डाव्या काठाशी ओळीने दुहेरी वेढे.

मी हात लावला. रंग ओला होता. बोट पिवळं झालं.

पट्ट्या मोजल्या. बारा. पुन्हा मोजल्या. बाराच.

"ही कोणाची?"

"त्या छोटीची," वकील म्हणाली.

"कोण छोटी?"

"तुमच्या शेजारी बसलेली. आम्हाला वाटलं, या बाईंची नात. सगळ्यात शेवटी आली, विणलं, परत जाऊन बसली. तुम्हीच नाही का तिला म्हणालात, इथेच बस, हलू नकोस?"

"मी?"

"झोपेत. अगदी मराठीत! आम्ही हसलो, म्हटलं मॅडमना अख्खं जग आपलाच वर्ग वाटतो."

बाकावर माझी छत्री होती. बाकी काही नाही.

मी दुभाषीबाईंना म्हटलं, नातीचं विचारा. विणकरीण बराच वेळ बोलली, बाकाकडे पाहत. दुभाषीबाई मात्र जमिनीकडे पाहू लागल्या.

"यांना नात नाही," त्या म्हणाल्या. "म्हणतात, ती अजून बसलीच आहे. तिला कोणी ऊठ म्हटलेलं नाही."

मी मुलांना बसकडे पिटाळलं. विणकरीण आणि दुभाषीबाई त्यांना पोचवायला गेल्या.

मी माझी चार बोटं विणली. नियम म्हणजे नियम. डाव्या काठाशी आले तेव्हा हाताने आपणहून दुहेरी वेढा घेतला.

फोन वाजला. आज रविवार होता.

"जेवलीस का?"

"हो."

"पाय?"

"आहेत जागेवर."

आई हसली नाही.

"तुझ्या मागे कोण गातंय गं?"

खोलीत कोणी नव्हतं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. बाहेर फक्त बसचं इंजिन.

"कोणी नाही, आई."

"गप. ऐकू दे."

मी वळले नाही.

"आपलीच ओवी आहे," आई म्हणाली. "'मागे धाकटी गं पोर' इथवर येते, आणि थांबते. पुन्हा पहिल्यापासून. कोण आहे तुझ्या मागे?"

हातातला धोटा मी खाली ठेवला. बोट अजून पिवळं होतं.

"आई," मी म्हणाले, "ती त्या दिवशी माझ्या मागे नव्हती. रंगाऱ्याच्या ओट्यावर मीच तिला बसवलं. इथेच बस, हलू नकोस म्हणाले, आणि मैत्रिणींकडे खेळायला गेले. खेळ संपला तशी सरळ घरी आले. मी तिला विसरले होते, आई."